एसटीतली तपासणी

आमचे सर रोगाचं नाव सांगत नसत. प्रश्न विचारून तुम्हीच शोधा, म्हणत. म्हणून सुट्टीत गावी जाताना मी एसटीत शेजारच्या खोकणाऱ्या काकांवरच अभ्यास सुरू केला. घरी माणसं किती, वडील कशानं गेले, जेवण कसं, सगळं विचारलं. काकांनी टोपी नीट केली.

"पोरगी सातवी शिकली हाये माही. तुमाले जमीन किती?"

मी लाजत डॉक्टरकी शिकत असल्याचं सांगितलं. ते आणखीच सावरून बसले.

"खोकला कधीपासून आहे?"

"छ्या बाप्पा! आमच्या घराण्यात खोकला कोनालेच नाही."

वडनेर येईपर्यंत त्यांनी उपरणं तोंडाशी धरून खोकला दाबला. माझा पहिलाच रोगी न खोकता उतरला. गाडी सुटल्यावर वळून पाहिलं, तर ते फाट्यावर गुडघ्यांवर हात टेकून खोकत होते. दिसेनासे होईपर्यंत ते सरळ झाले नाहीत.