अर्धं काळं पान

नीलिमा साळवी मूळच्या रत्नागिरीच्या. लग्नानंतर गिरगावात आल्या, तिथली खोली अपुरी पडायला लागल्यावर मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आल्या. भाईंदरच्या एका मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. प्रयोगात जे दिसलं तेच वहीत लिहायचं, यावर त्यांचा फार कटाक्ष.

२००४ च्या डिसेंबरात शाळेने पालकांना प्रयोग दाखवायला बोलावलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशिवाय झाडाला अन्न बनवता येत नाही, हे साळवीबाई आठवीकडून दाखवणार होत्या. त्यासाठी जास्वंदीची कुंडी वर्गातल्या दिव्या नावाच्या मुलीने आणली. वरसाव्याला तिची आजी गोदूबाई रोपं विकायची.

कुंडी आधी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानातलं जुनं पिष्ट संपतं. मग एक पान निम्मं बाटलीत, निम्मं बाहेर ठेवून कुंडी उन्हात न्यायची. बाटलीतलं पोटॅश आतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. त्यामुळे पानाच्या बाटलीतल्या भागात नवं पिष्ट तयार होत नाही. पान उकळून आयोडीन टाकलं की बाहेरचा भाग तेवढा काळा पडतो.

शनिवारी घरी जायच्या घाईत बाई कुंडी कपाटात ठेवायलाच विसरल्या. सोमवारी सकाळी ती खिडकीतच दिसली. पालक दुपारी येणार होते. होईल काहीतरी, म्हणून त्यांनी प्रयोग तसाच पुढे नेला.

दुपारी आयोडीन टाकलं आणि पान सगळंच काळं झालं. बशी धरून दिव्या शेजारीच उभी होती. बाहेर खुर्च्या भरल्या होत्या, मुख्याध्यापकांचा दोनदा निरोप आला. बाईंनी जादा म्हणून उकळलेलं दुसरं पान उचललं, निम्मंच आयोडीनमध्ये बुडवलं आणि तेच पालकांना दाखवलं. टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी वह्या आल्या. दिव्याने लिहिलं होतं, ‘पान पूर्ण काळे झाले.’ बाईंनी लाल पेनाने ते वाक्य खोडलं आणि वर ‘चूक’ लिहिलं. वही परत घेताना दिव्या हळूच म्हणाली, “बाई, पान सगलंच कालं झालं व्हतं ना?”

“पुस्तकात काय दिलंय ते बघ,” बाई म्हणाल्या.

पुढच्या वेळी दिव्याची वही अगदी पुस्तकाबरहुकूम आली. प्रयोग वेगळा होता आणि त्या दिवशी दिव्या गैरहजर होती. तरी ‘आम्ही पाहिले’ असं लिहून सुबक आकृतीही काढली होती. ती वही पुढ्यात घेऊन बाई स्टाफरूममध्ये बराच वेळ बसल्या. ही लबाडी आपणच शिकवली, हे त्यांना कळत होतं. मुख्याध्यापकांना त्यांनी सगळं सांगितलं. इतकं मनाला लावून घेऊ नका, मुलं विसरतात, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. “मी तुम्हाला खोटं पान दाखवलं. दिव्याने लिहिलं तेच खरं होतं.” दिव्या मान खाली घालून बसली. तिच्याकडे बघायचं बाईंना धाडस झालं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रयोग पुन्हा केला. या वेळी कुंडी पूर्ण दोन दिवस कपाटात होती. पान नेमकं अर्धं काळं पडलं. तेव्हा पुढच्या बाकावरच्या ममताने साधेपणाने विचारलं, “बाई, हे खरं आहे ना?”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आयोडीनची बाटली टेबलावर ठेवली आणि त्या मागे सरकल्या. “आता तुमचं तुम्ही करून बघा,” एवढंच म्हणाल्या.