रंगवलेल्या शिंगांची फटफटी

"नुसतं बघू नगा, हात लावून बघा," असं कुशाबा येताजाता म्हणायचा. बैल असो, बाजारातली वांगी असोत, नाहीतर कुणाच्या नव्या घराची भिंत असो. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला मंडळी जमली होती, चहा चालला होता, आणि सवयीने त्याच्या तोंडून हेच वाक्य निघून गेलं. बैठकीतली पोक्ती माणसं आपापल्या चपला शोधायला लागली. तो बोलला होता दारात बांधलेल्या कालवडीबद्दल. पण हे सगळ्यांना पटेपर्यंत चहा गार झाला.

चांद्याच्या खालच्या आळीत त्याचं घर. पानशेत फुटायच्या आधीच्या त्या वर्षांत, नांद्यापासून थेट ताम्हिणीच्या घाटमाथ्यापर्यंत, बैल घ्यायचा तर कुशाबाला बरोबर न्यायचं अशी रीतच पडून गेली होती. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा, दात पाहायचा, खूर उचलून त्याचा वास घ्यायचा आणि शेवटी शेपटीच्या बुडाशी दोन बोटं ठेवून डोळे मिटून उभा राहायचा. डोळे मिटल्यावर त्याला काय कळायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला, सगुणाबाईला, संशय होता की लोक आपल्याकडे पाहताहेत ना, याचा तो तेवढ्यात कानोसा घेतो. पण डोळे उघडून तो "घे" म्हणाला, की तो बैल म्हातारा होईपर्यंत नांगराला खाली बसायचा नाही. याबद्दल तो नारळ घ्यायचा आणि मान घ्यायचा. नारळ सगुणाबाई फोडायची, मान तो स्वतःजवळ ठेवायचा.

मान वाढत गेला तसं पायी चालणं त्याला कमीपणाचं वाटायला लागलं. चाकणच्या बैलबाजारात आपण धुळीने माखून पोचतो आणि कालपरवाचे व्यापारी मोटारीतून उतरतात, हे त्याच्या मनात सलत होतं. तशात मारुंजीचा हैबतराव एक फटफटी विकायला काढणार असल्याचं कानावर आलं. हैबतराव पलटणीतून हवालदार होऊन परतलेला. "सायबाच्या बुडाखालची फटफटी हाय," तो सांगायचा. "आजारी न्हाई, कायी न्हाई. नुसती झोपलीया. एक लाथ घातली की उठंल."

कुशाबा पाहायला गेला तेव्हा ती गोठ्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात, काळीभोर चमकत उभी होती. त्याने टाकीवरून हात फिरवला. चाकं दाबली, जसं वशिंड दाबतात. पुढच्या दिव्यात वाकून पाहिलं, जसं बैलाच्या डोळ्यात पाहतात. मग त्याने किकवर पाय ठेवला. पाय लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला.

"मऊ हाय की पायाला," तो म्हणाला. "आडमुठी न्हाई. गरीब हाय जनावर."

"गरीब म्हंजे," हैबतराव भिंतीकडे पाहत म्हणाला, "लईच गरीब."

आणि वर त्याने, बोलायची पद्धत म्हणून, विचारलं, "चालू करून दावू का?"

"नगं. ज्याला उभ्या बैलाची पारख व्हत न्हाई, त्यानं पळवून बघावा."

हैबतरावाने भिंतीवरची नजर काढून पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. कुशाबाने खांद्यावरचं उपरणं काढलं, हैबतरावाचा हात त्याखाली घेतला आणि बाजारात करतात तसा बोटं दाबून सौदा केला. गोठ्यात त्या दोघांशिवाय एक म्हैस होती. तिच्यापासून भाव लपवायचं काही कारण नव्हतं. पण रीत ती रीत. उपरण्याखालचा हात सुटला आणि व्यवहार पक्का झाला.

झोपलेली घोडी बैलगाडीत बसून चांद्याला आली. नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायांवर पाणी घालतात, म्हणून सगुणाबाई तांब्या घेऊन पुढे झाली. ह्याचे पाय कुठले हे तिला कळेना, तेव्हा तिने दोन्ही चाकांवर पाणी घातलं. मग कपाळ समजून टाकीला हळदकुंकू लावलं. कुंकू लावलेलं बोट तिने मागे घेतलं तर ते काळं झालेलं. तिने पदराने टाकी पुसली. पदर काळा झाला. काजळी आणि जवसाचं तेल. खाली गंज, आणि गंजाच्या मधोमध कपड्याच्या साबणाची एक वडी लिंपून बसवलेली. तिने नखाने ती टोकरली तशी टाकीच्या भोकातून आतला अंधार दिसला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "ह्याची शिंगं रंगवल्यात."

दुसऱ्या कुठल्या शब्दांनी त्याला इतकं लागलं नसतं. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेलाने रंगवून त्याला जवान म्हणून विकणारे व्यापारी कुशाबाने भर बाजारात उघडे पाडले होते. त्यासाठीच तर लोक त्याला बरोबर न्यायचे. तो गाडीचे बैल सोडायला गेला.

नांद्याचा भैरू फिटर पूर्वी मुळशीच्या धरणात चालणाऱ्या लाँचच्या इंजिनावर होता. इंजिनाच्या आवाजाने एक कान गेला म्हणून गावी परतलेला. उरलेल्या एका कानाने तो दोन कानांच्या बातम्या ऐकायचा आणि चार गावांना सांगायचा. त्याला बैल पारखून हवा होता, कुशाबाला फटफटी उठवायची होती. तो सौदा उपरण्याशिवायच झाला.

भैरूने गोठ्यात पोतं अंथरलं आणि फटफटी उघडायला घेतली. मागच्या नळीतून उंदरांचं अख्खं बिऱ्हाड निघालं. पुढचं चाक दुसऱ्याच कुठल्या फटफटीचं होतं. नळकांडं रॉकेलमध्ये भिजवून, ठोकून वर काढलं तेव्हा आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हाती आला. भैरूने तो पुसला. त्याच्या माथ्याला बंद्या रुपयाएवढं भोक होतं. भैरूने एक डोळा मिटला आणि त्या भोकातून कुशाबाकडे पाहिलं.

"कुशादा, किक मऊ का लागली ते सांगू का?"

"नगं सांगू."

"दाब धरायला आत कायच न्हाई. वारं हिकडनं येतंय, तिकडनं जातंय."

"सांगू नगं म्हनलं ना तुला."

"सांगत न्हाई मी. भोक सांगतंय."

सगुणाबाई शेण काढता काढता म्हणाली, "परत देऊन टाका की हवालदाराला. त्याचं त्यो बघंल."

"हात सुटलाय," कुशाबा म्हणाला.

उपरण्याखालचा हात सुटल्यावर कुरकुर करणाऱ्यांना त्यानेच कितीदा बाजारातून हाकलून लावलं होतं. स्वतःसाठी तो दुसरी रीत कुठून आणणार?

भैरूच्या तोंडाला मात्र कुठलीच वडी लिंपलेली नव्हती. दिवाळीच्या आत गोष्ट घोटावड्यापर्यंत गेली. पारावर माणसं एकमेकांना सांगायची, "हात लावून बघा बरं का, नुसतं बघू नगा." वरच्या आळीचा कोंडाजी कुशाबाला न सांगताच चाकणला गेला आणि स्वतःच्या मनाने बैल घेऊन आला. परतताना तो कुशाबाच्या दारावरूनच गेला. त्याने आत मान वळवली नाही. कुशाबाने बैलाकडे पाहिलं, आणि मागचा डावा पाय आखडतोय हे सगुणाबाईलासुद्धा दिसलं. पण बोलवल्याशिवाय बोलायचं नाही हा त्याचा बाणा होता, आणि आता कुणी बोलवत नव्हतं.

सगुणाबाईने आयुष्यभर त्याची थट्टा केली होती. डोळे मिटून उभा राहतो म्हणून, मिशीला तूप लावतो म्हणून, नारळ वाजवून घेतो म्हणून. पण त्या दिवसांत तिने एक गोष्ट पाहिली आणि तिची थट्टा आटली. संध्याकाळी वैरण टाकताना तो घरच्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवेनासा झाला होता. वैरण टाकायचा आणि बाहेर यायचा. बैल मान वळवून त्याची वाट पाहायचे.

भैरूने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक दट्ट्या शोधून आणला. तो केसभर जाड निघाला. मग तेल आणि बारीक वाळूच्या भुकटीत घोळवून तो नळकांड्यात खालीवर घासायचं काम कुशाबाकडे आलं. दिवसचे दिवस तो ते घासत बसला. दळण दळावं तसा. सगुणाबाई म्हणायची, "एवढं पीठ निघालं असतं तर गावजेवण झालं असतं." मग वरच्या झाकणाच्या सांध्याला तांब्याचा पत्रा हवा, असं भैरू म्हणाला. सगुणाबाई आत गेली आणि बुडाला गळणारा एक हंडा घेऊन आली.

"ह्यो तुज्या माहेरचा," कुशाबा म्हणाला. "नगं."

"गळका हाय."

"तरी नगं."

"मग मी भैरूदाजींस्नी देते," ती म्हणाली, आणि हंडा भैरूच्या पुढ्यात आदळला. "कापा."

भैरूने हंड्याचं गळकं बूड कापून टाकलं, वरचा पत्रा चुलीत लाल करून पाण्यात बुडवला, तेव्हा तो चामड्यासारखा मऊ झाला. टाकीचं भोक कल्हईवाल्याने डाग देऊन बुजवलं. उंदरांची नळी कुशाबाने स्वतः विस्तवात धरून साफ केली.

भाताची झोडणी संपत आली होती तेव्हा एका सकाळी फटफटी अंगणात आणली. कुशाबाने किक मारली. आता ती मऊ नव्हती. तिने उलटी लाथ घालून त्याला भिंतीला नेऊन टेकवलं.

"आता खरी हाय," भैरू समाधानाने म्हणाला.

पुन्हा कितीतरी लाथांची देवाणघेवाण झाली आणि अचानक ती पेटली. कोंबड्या छपरावर गेल्या. कुशाबा बसला, निघाला, आळीच्या टोकापर्यंत सरळ गेला आणि वळून आला. थांबायची वेळ आली तेव्हा त्याने बैलाला म्हणतात तसं "हो, हो, हो" म्हटलं आणि कासरा ओढावा तशा दोन्ही मुठी छातीशी ओढल्या. फटफटीला ते कुणी शिकवलं नव्हतं. ती त्याला घेऊन पेंढ्याच्या गंजीत शिरली आणि तिथे आपणहून थांबली. केसांतला पेंढा काढत तो बाहेर आला तो हसतच.

त्या दिवसापासून त्याची भूक परतली आणि त्याबरोबर एक गोष्टही आली. "मला पैल्यापासनं ठावं हुतं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. "हाडं बघून घेतली मी. हाडं चांगली असली की मांस भरता येतं." पहिल्या दिवशी ती गोष्ट एवढीशी होती. आठवड्याने तीत साबणाची वडीसुद्धा त्याने गोठ्यातच ओळखलेली होती. सगुणाबाई ऐकायची आणि सूप जरा जोरात पाखडायची. लोक मान डोलवायचे. पण बैल बघायला चल, असं कुणी म्हणत नव्हतं.

अशात ताम्हिणीचा गेणबा आला. कोळशाच्या ट्रकने पौडला उतरून तिथून पायी. त्याच्या जोडीतला एक बैल पावसात दरडीखाली गेला होता, आणि उरलेल्याला जोड मिळाली नाही तर येत्या सालात नाचणीचं रान तसंच पडणार होतं. अंगणात भैरू प्लग पुसत बसला होता. कोंडाजी फटफटी बघायच्या मिषाने आला होता. गेणबा पाणी प्याला, तोंड पुसलं आणि बसायच्या आधीच म्हणाला,

"कुशाबा, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलंस?"

"फटफटीत फसलास म्हनून."

सगुणाबाईच्या हातातलं सूप थांबलं. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. हाडं, मांस, पैल्यापासनं ठावं. कुशाबाने तोंड उघडलंही होतं. त्याने कोंडाजीकडे पाहिलं, भैरूकडे पाहिलं, मग उंबऱ्यात बसलेल्या बायकोकडे. ती त्याच्याकडे नुसती पाहत होती. थट्टेने नाही.

"फसलो," तो म्हणाला. "वरनं हात फिरवला. आत काय असतं त्ये मला ठावंच न्हवतं. रंगवलेली शिंगं माज्या गळ्यात बांधली हवालदारानं."

दिवाळीपासून हसायला टपलेल्या कोंडाजीला आता आयतं मिळालं होतं, पण त्याला हसू फुटेना. तो जमिनीवरची काडी उचलून मोडायला लागला.

"आन बैलातलं?" गेणबाने विचारलं.

"बैलातलं कळतं मला."

"मग ऊठ. बाजार उद्याचा हाय."

कुशाबाने पटका बांधला आणि फटफटीपाशी गेला. स्टँडवरून उतरवली, पाय किकवर ठेवला. "बस मागं. सांच्या पारी चाकणात."

गेणबाने फटफटीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "जाताना बसतो की. येताना बैल तुज्या मागं बसवायचा का माज्या?"

इतके महिने दट्ट्या घासला, हंडा कापला, कोंबड्या भेदरवल्या, आणि बैल आणायला गेलेल्या माणसाला बैलाबरोबर चालतच यावं लागतं, हे कुशाबाला सुचलं नव्हतं, भैरूला नाही, आणि खरं सांगायचं तर सगुणाबाईलाही नाही. कुशाबाने पाय किकवरून काढला. फटफटी पुन्हा स्टँडवर चढवली.

"कोंडाजी," जाता जाता तो म्हणाला, "तुज्या बैलाच्या मागच्या डाव्या खुरात खडा रुतलाय. काढ, न्हाईतर सडंल."

"यिऊन बघशील का?" कोंडाजीने विचारलं.

"आल्यावर बघतो."

दोघं मारुंजीवरून चाकणला जाणाऱ्या वाटेला लागले. गेणबा घाटातला माणूस, झपाझप चालणारा. तरी ओढ्याच्या उतारावर कुशाबा त्याच्या दोन पावलं पुढे होता. कोंडाजी काठी टेकून पाहत होता. भैरू काळ्या हातांनी डोळ्यांवर ऊन अडवून पाहत होता. सगुणाबाई सूप घेऊनच अंगणाच्या कडेपर्यंत आली होती.

"वैनी, फटफटी आत घेऊ का?" भैरूने विचारलं.

तिने ऐकलं नाही. ओढ्यापलीकडच्या बांधावर पटका वर आला, थोडा वेळ दिसला आणि करवंदीच्या जाळीआड गेला, तरी ती तिकडेच बघत होती.