नानांची जीप का रुतली

माझ्या सासऱ्यांना जीप उत्तम चालवता येत होती. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

सिल्वासात मात्र आमच्या ओळखीचं प्रत्येक माणूस नेमकं उलटं समजून आहे. आणि तसं समजायला मी लावलं आहे. बायकोलाही यातलं काही ठाऊक नाही. (आता कळेल. जेवण झाल्यावर वाच, वंदना.)

नव्वदच्या दशकात मी सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि सामरवरणीला राहत होतो. आम्ही दहा-बारा कारखानेवाले, कुणी नाशिकचे, कुणी पुण्याचे, काही वापी-वलसाडचे, जुन्या जीपा बाळगून होतो. सगळ्यांचं मिळून एक मंडळ होतं. मंडळाचं काम एकच: जिथे चांगला रस्ता आहे तिथे न जाणं. अध्यक्ष होते देसाईभाई, वलसाडचे. मराठी फर्डं बोलायचे, पण घाबरले की गुजरातीत शिरायचे.

माझे सासरे, नाना, धुळ्याला एस.टी.त ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं गाडी चालवली, एक अपघात नाही, एकदा गाडी कुठे रुतली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात; नानांनी लिलावातली जीप घेतली आणि माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन तडक आमच्याकडे आले.

"जावईबापू, तुमच्या मंडळात आमचं नाव घाला."

"नाना, तिथे चिखल-बिखल असतो हो."

"चिखल? पावसाळ्यात शिरपूरच्या आतल्या गावांना मी मुक्कामाची गाडी न्यायचो. छतावर कोंबड्या बसलेल्या असायच्या. एक कोंबडी कधी खाली पडली नाही!"

मी नाव घातलं.

नव्या सभासदांच्या स्वागताचा आमचा एक रिवाज होता. हिवाळ्यात दुधनीला, धरणाच्या पाण्याकाठी, दोन दिवसांचा मुक्काम टाकायचा. मुक्कामाच्या अलीकडे पाणी ओसरून उरलेला चिखलाचा एक पट्टा असे. नव्या सभासदाने आपल्या घरची पातळ भाजी पातेल्यात घेऊन, बायकोला शेजारी बसवून, तो पट्टा पार करायचा. भाजी न सांडता पोचली की सभासदत्व पक्कं. आणि ज्याने त्याचं नाव सुचवलं असेल त्याने, म्हणजे जामिनाने, स्वतःच्या हाताने पुढची चाकं जोडून द्यायची.

चाकं जोडणं म्हणजे काय, ते सांगतो. नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. त्या जुन्या जीपांच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एक चकती असे. ती हाताने एका बाजूला फिरवली की चाक इंजिनाला जोडलं जाई, उलटी फिरवली की सुटं होई. चकत्या जोडल्या नाहीत तर आत बसलेल्याने कितीही दांडे ओढू देत, जोर फक्त मागच्याच चाकांना! एस.टी.च्या गाडीला असलं काही नसतं, त्यामुळे नानांनी ते खातं माझ्याकडे सोपवलं. "तुम्ही इंजिनियर माणूस," म्हणाले.

इंजिनियर माणसाने काय केलं? सासऱ्यांची गाडी चारचौघांत उठून दिसावी म्हणून आदल्या दिवशी चाकांना चंदेरी रंग मारला. चकत्यांनाही मारला. चकत्यांवर जोडायची बाजू दाखवणारा बाण असतो, त्यालाही मारला. मग सकाळी वाटलं, लोकांसमोर चकती घट्ट बसली आणि फिरलीच नाही तर शोभा होईल. म्हणून घरीच जोर लावून दोन्ही चकत्या जोडून ठेवल्या. आणि विसरलो!

दुधनीला पोचलो. सगळं मंडळ चिखलापलीकडे टाळ्या वाजवत उभं. नाना खाकी शर्ट घालून स्टिअरिंगमागे. शेजारी माई, मांडीवर शेवभाजीचं पातेलं, वर फडकं बांधलेलं. माईंचा रस्सा असा की नुसत्या वासाने पलीकडच्या दोघांना ठसका लागला.

मी ऐटीत पुढे झालो. नारळ फोडला. उजवी चकती फिरवली, खट्! डावी चकती फिरवली, खट्! आणि हात वर करून आरोळी ठोकली, "चाकं जोडली!"

(जोडलेली होती. मी सोडली.)

नानांनी देवाला हात जोडले, चारही चाकांचा दांडा ओढला आणि गाडी घातली. काय घातली हो! पाण्यावरून बदक जावं तशी. अर्ध्यापर्यंत रस्सा हलला नाही. मग मागची चाकं गरगरा फिरायला लागली, पुढची गप्प, आणि गाडी हळूहळू, मान राखून, खाली बसली.

"अहो, हळू! रस्सा हलतोय!" माई.

"रस्सा नाही, गाडी हलत नाहीये!" नाना.

"हलवा मग!"

"काय हलवू? पाळणा आहे का?"

नानांनी जोर दिला. मागे चिखलाचं कारंजं उडालं आणि अलीकडच्या काठावर टाळ्या वाजवणाऱ्या वंदनाच्या नव्या साडीवर पडलं. गाडीने एक गचका खाल्ला, फडकं सुटलं आणि अर्धा रस्सा माईंच्या मांडीवर! "आई गं, भाजले!" म्हणत माई उठल्या, तरी पातेलं सोडलं नाही. उरलेला रस्सा डोक्यावर धरून त्या गुडघाभर चिखलातून चालत पलीकडे गेल्या.

"अरे बापरे, शुं थयुं? शुं थयुं?" देसाईभाई धावत आले.

मी धक्का द्यायला चिखलात उतरलो. पुढचं चाक पूर्ण बुडलेलं होतं, त्यामुळे कोणाला काही दिसत नव्हतं. मी सहज त्याला हात लावला. वर इंजिन बोंबलतंय आणि चाक मात्र थंड! त्या क्षणी मला सगळं आठवलं. सकाळचा जोर, रंग, बाण, सगळं.

आता सरळ माणूस काय म्हणेल? "थांबा, माझी चूक झाली." चार शब्द. मला ते आले नाहीत. पलीकडे कारखान्यातले तीन ज्युनिअर उभे होते, अलीकडे बायको उभी होती, आणि मी नुकतीच आरोळी ठोकलेली!

नानांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. ती संधी साधून मी वाकून, काही निरखतोय असं दाखवत, चिखलाखाली डावी चकती फिरवली. खट्. पण एका चकतीने भागत नाही, दोन्ही लागतात! उजवीकडे देसाईभाई कमरेवर हात ठेवून उभे. मग मी पाय घसरल्याचं सोंग केलं. सोंग अर्ध्यावर असताना पाय खरोखरच घसरला. मी पालथा पडलो, देसाईभाईंच्या दोन पायांमधून हात घातला आणि उजवी चकती फिरवली. खट्!

"अरे, मारा पग छोडो!" देसाईभाई किंचाळले.

मी तोंडातला चिखल थुंकत उठलो. "नाना, परत एकदा बघा ना! आता निघेल बघा!"

नानांनी मान हलवली. "नको, जावईबापू. पुढचं काय ते ओळखायला नजर लागते. माझी नजर गेली."

"नाही हो नाना, एकदाच! माझ्यासाठी!"

"चांगल्या हातात द्या."

आणि मी काही बोलायच्या आत देसाईभाई चढून बसले. त्यांनी इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, आणि गाडी सुरीने लोणी कापावं तशी बाहेर आली! पलीकडे टाळ्यांचा कडकडाट.

म्हणजे बघा, मी गुपचूप गाडी दुरुस्त केली आणि त्यामुळे सिद्ध काय झालं? गाडीत दोष नव्हता, नानांत होता. स्वतः नानाच सगळ्यांना सांगत होते, "बघा, आमच्या जावयाने चाकं बरोबर जोडली होती. मीच कच्चा."

मंडळ चांगलं होतं. अर्धा रस्सा पोचला म्हणून माईंना अख्खं सभासदत्व मिळालं, नानांना त्यांच्यासोबत. उरलेली शेवभाजी बारा जणांनी भाकरी बुडवून बुडवून पुरवली. नानांनी कोंबड्यांची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं. परत निघताना त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडेच शोभेल."

ती जीप मी पुढे कितीतरी वर्षं चालवली. नाना प्रत्येक मुक्कामाला आले, डाव्या सीटवर बसले, माझ्या हाताचं कौतुक करत राहिले, आणि स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आता ते धुळ्याला असतात. वय झालंय, पण तब्येत ठणठणीत. घरात पाहुणा आला की दुधनीची गोष्ट स्वतःच रंगवून सांगतात, "मग आमचे जावईबापू चिखलात पडले, केवढी धडपड माझ्यासाठी!" म्हणतात. सगळे हसतात. मीही हसतो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसतो.

हे लिहून काढलं म्हणजे सुटलो, असं काल वाटत होतं. पण नानांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि कबुली द्यायला मी नेमका कागदच निवडला! मी अजूनही वाकून, चिखलाखाली हात घालूनच काम करतोय.

नानांची मी माफी मागायची राहिली आहे. ती त्यांच्यासमोर बसून, मोठ्याने मागायला हवी.