लिम चू कांगच्या फार्मवरून आलेला फोन

आधीच सांगतो, मी झूलॉजीवाला आहे. भूत, भानामती, अंगात येणं – कॉलेजात असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. त्यामुळे हे लिहितानाही थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते घडलं... आणि तेव्हा मी एकटा नव्हतो.

२०१४ सालची गोष्ट. बायकोला बुओना व्हिस्टाला आयटीत नोकरी लागली म्हणून आम्ही सिंगापूरला आलो, बेडोकला फ्लॅट घेतला भाड्याने. त्याआधी मी जुन्नरकडे बिबट्यांच्या एका प्रोजेक्टवर दोन वर्षं काढली होती. त्या जोरावर इथे एका छोट्या वाइल्डलाइफ कंट्रोल कंपनीत काम मिळालं. काम म्हणजे मुख्यतः अजगर पकडणं. कुणाच्या कोंबड्या जातात, कुणाचं मांजर... आम्ही जायचं, पकडायचा, पोत्यात घालायचा. मारायचा नाही.

माझा जोडीदार रहीम. मलय, पन्नाशीचा, पंधरा वर्षं याच धंद्यात. आम्ही एकमेकांशी इंग्लिशमध्ये बोलायचो. माझं मलय म्हणजे हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलवर चहा मागण्यापुरतं.

शहराबाहेर, लिम चू कांग नावाच्या शेतीवाडीच्या भागात एक शेळ्यांचा फार्म होता. सिंगापूरमध्ये शेळ्या? – मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. आठवड्यात दोन करडं नाहीशी झाली होती. त्या सोमवारी सकाळी आम्ही गोठ्यामागे पिंजरा लावला, मालकांना, म्हणजे टॅन अंकलना, सगळं समजावलं. सोमवारी त्यांच्या दूधविक्रीच्या ऑफिसला सुट्टी. आमच्यासमोरच त्यांनी ते कुलूप लावून बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि गाडी काढून शहरात गेले. आम्हीही जेवून पुढच्या कामाला निघालो. ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत कुणाला साप दिसला होता.

दहा मिनिटं झाली असतील. रहीम व्हॅन चालवत होता. ड्युटीचा मोबाइल वाजला, स्क्रीनवर त्याच फार्मच्या ऑफिसचा नंबर. मी स्पीकरवर टाकला.

एक म्हातारी बाई होती. आवाज दमलेला, पण घाई नाही.

"शेळ्यांकडे जाऊ नका. मागच्या नाल्याकडे जा. करडू नाही, पोर आहे."

"हो, आलोच," मी म्हणालो. फोन बंद झाला. रहीमने एक शब्दही न विचारता व्हॅन वळवली.

गोठ्याकडे न बघता आम्ही सरळ मागे पळालो. कोरड्या नाल्याच्या काठावर टॅन अंकलची चार वर्षांची नात, मेई, पाय आत सोडून बसली होती. प्लॅस्टिकच्या कपांत माती भरत होती. नाल्यातल्या सिमेंटच्या पाइपातून अजगराचं डोकं बाहेर आलेलं. तिच्या पायांपासून हातभर.

अजगर सहसा माणसाला धरत नाही, हे मी शंभर लोकांना सांगितलंय. तेव्हा मला त्यातलं काहीही आठवलं नाही. मी मेईला काखेत धरून उचललं, रहीमने मानेमागे पकड घातली. चार मीटरहून जास्त लांब मादी, पोट रिकामं. पोत्यात भरेपर्यंत आम्ही दोघंही घामाने भिजलो.

मेईची आई दूध काढायच्या शेडमध्ये होती. मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नव्हतं. मुलगी झोपलीय, असंच ती समजत होती. तिने मेईला छातीशी धरलं आणि तिथेच चिखलात बसली. फोन? तिने केला नव्हता. फार्मवर दुसरं कोणी नव्हतंच.

आम्ही व्हॅनजवळ पाणी पीत उभे होतो. रहीम म्हणाला, "ब्रो, तू इतकं छान मलय कधी शिकलास?"

"मी?"

"मघाशी फोनवर. त्या म्हातारीशी बोललास ना, मलयमध्ये. ती पण मलयमध्येच बोलत होती."

ती बाई मराठीत बोलली होती. इतकं सरळ, घरातलं मराठी की त्यात काही वेगळं आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मीही मराठीतच उत्तर दिलं होतं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

त्याने सांगितलं. शब्दन् शब्द तेच.

बातमी कळताच टॅन अंकल शहरातून परत आले. ऑफिसचं कुलूप तसंच होतं, आत टेबलावर फोन जागच्या जागी. आमच्या मोबाइलवर मात्र कॉल दिसत होता... अडतीस सेकंद. घरात कुणी म्हातारी बाई आहे का, असं मी विचारलं.

"म्हातारी? माझी आई होती. जाऊन वीस वर्षं झाली," ते म्हणाले. "पण तिला आमच्या चिनी बोलीशिवाय, होक्कियनशिवाय काही येत नव्हतं... मलय नाही, तुझी भाषा तर नाहीच."

फोनची लाइन कुठे जोडली गेली असेल, उन्हाने आम्हा दोघांनाही भास झाला असेल – मी सगळं करून पाहिलं. एकही खुलासा शेवटापर्यंत पोचत नाही. आजही नाही.

संध्याकाळी ऑफिसमध्ये रिपोर्ट भरायचा होता. इथे चार भाषा चालतात, म्हणून फॉर्मवर फोन करणाऱ्याची भाषा लिहायला एक रकाना असायचा. मी बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी रहीमने ते माझ्या हातातून घेतलं आणि लिहिलं – "समजली."