पेजेतला काटा

आमचा गोकुळदादा जेवायचा नाही, बस भरायचा. तिखट वाटेल, पण सख्ख्या भावाबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही. साखळी-पणजी बस चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं. एक फेरी संपून दुसरी सुटेपर्यंत जो काय वेळ मिळे, तेवढ्यात स्टँडवरच्या हॉटेलात पातळभाजीत बुडवलेले पाव पोटात आणि वर चहा. दात फक्त हसायला. घरी आला तरी तीच घाई. वयनी आमटीचं भांडं आणायला वळली की इकडे भात संपलेला.

त्याची बायको सुमन, म्हणजे आमची वयनी, नेमकी उलटी. ती पेडण्यातल्या केरीची, समुद्राकाठची. तारले, बारीक वेरल्या असले काट्याचे मासे खाऊन वाढलेली. प्रत्येक घास जिभेने चाचपायचा आणि मगच गिळायचा, हे तिला आईने शिकवलेलं. ती सवय तिच्या वरणभातालाही लागली. नवी नवरी होती तेव्हा आमच्या घरात तिची फार थट्टा झाली. "सुमन जेवूक बसली? मगे आता दिवो लायात," असं बाबा भरदुपारी म्हणायचे. हळूहळू ती सगळ्यांची पानं उठल्यावर आत एकटी बसून जेवू लागली. तिला तसं कुणी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही.

दादाचं वजन इतकं वाढलं की स्टिअरिंग पोटात रुतायला लागलं. रात्री घोरणं आणि दिवसा पेंगणं. एकदा भर उन्हात बस चालवताना त्याचा डोळा लागला. बस गटाराच्या कडेला जाऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण गाडीत शाळेची मुलं होती. त्या दिवशी दादा घरी येऊन न जेवता बसून राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या झोपेचं मूळ वजनात आहे. ते उतरेपर्यंत गाडी हातात घ्यायची नाही. मग ऑपरेशन करून त्याच्या जठराच्या वरच्या टोकाला एक पट्टा बसवला. त्या पट्ट्याने वर एक इवलीशी पिशवी होते, ती थोड्या घासांतच भरते आणि अन्न बारीक वाटेने सावकाश खाली उतरतं. गावात लोक म्हणाले, "गोकुळदासाच्या पोटाक कुलूप घातला." म्हणोत बापडे.

सुरुवातीला नुसतं पाणी, ताक आणि गाळलेलं सार होतं. ते सगळं नीट उतरलं. मग डॉक्टरांनी मऊ खायला मोकळीक दिली, पेज चालेल म्हणाले, आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. सकाळी पेज, उलटी. दुपारी पेज, उलटी. छातीत काहीतरी अडकायचं, तोंडाला लाळ सुटायची आणि दादा परसात धावायचा. मागोमाग तांब्या घेऊन वयनी. ती एका हाताने त्याची पाठ चोळायची आणि दुसऱ्या हाताने त्याचं कपाळ धरायची. माणूस पार सुकला. पाणी घेतानाही आधी वयनीच्या तोंडाकडे बघायचा.

मी सासरहून, आमोण्याहून आले आणि पहिली दिष्ट काढली. एवढा धडधाकट बाप्या, नजर लागणारच. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर धुराचा असा खाट उठला की खोकून खोकून दादाला पुन्हा उलटी झाली. वयनीने खिडक्या तेवढ्या उघडल्या.

डॉक्टरांनी पट्टा थोडा सैल करून बघितला. तरी तेच. ते म्हणाले, उलट्या अशाच चालू राहिल्या तर पट्टा जागेवरून सरकेल, मग काढावाच लागेल. दादाने तेवढंच धरून ठेवलं.

"सोमवारी जातंय आणि काडून येतंय," तो मला म्हणाला.

"आणि बस?"

"बस गेली." मग मान खाली घालून म्हणाला, "विनू, माका जेवणाचो भंय वाटता गो."

ज्या माणसाला लहानपणी देवळातल्या जेवणावळीतून ओढून आणावं लागायचं, त्याच्या तोंडचे हे शब्द.

इस्पितळात तेजस्विनी म्हणून आहारतज्ज्ञ मुलगी होती. ती फोन करून विचारायची, "काका, चावून खाता ना?" दादा म्हणायचा, "होय गो बाय, सगळा चावतंय." तो खोटं बोलत नव्हता. शनिवारी तिने वयनीला फोनवर घेतलं आणि विचारलं, "काकी, ते जेवताना तुम्ही समोर असता?" वाढायचं आणि आत जायचं, एवढीच वयनीची रीत. नवऱ्याचं जेवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने कधी पाहिलंच नव्हतं. तेजस्विनी म्हणाली, "आज तुमचं पान घेऊन त्यांच्याबरोबर बसा."

त्याच दिवशी मी सोमवारी इस्पितळात जायच्या गाडीचं विचारायला गेले होते, ती नेमकी पेजेच्या वेळेला. वयनीने दोन वाडगे आणले. बाजूला मिठातल्या आंब्याची फोड. बसताना ती जरा घुटमळली, पाहुणी असल्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली. दादाने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला आणि भुरका मारला.

"चावनात नाय तुमी?" वयनी ओरडलीच.

"काय चावू?"

"पेज!"

"पेज कोण चावता गो? पेज पितत."

मीसुद्धा म्हटलं, "पितत तर." जन्मापासून आम्ही पेज पितोच. पण आमची पेज उकड्या तांदळाची, बोटभर पाणी आणि खाली टपोरी शितं. डॉक्टरच्या डोळ्यांपुढे गाळलेलं पाणी असणार. दादा बाकी सगळं प्रामाणिकपणे चावत होता आणि अख्खी शितं मात्र त्या बारीक वाटेत ओतत होता. त्यांचा तिथे बोळा बसायचा आणि सगळं वर यायचं.

वयनीने त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला. नवऱ्याच्या पुढचं अन्न तिने ओढलं, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. वरचं पाणी वेगळं काढलं, शितं चमच्याने चिरडली आणि चहाचा लहान चमचा त्याच्या हातात दिला.

"हेच्यात काटो आसा असा समजा."

"पेजेत काटो?"

"होय. तारल्याचो, बारीक. जिबेन सोदा. गावलो नाय तर मगेच गिळा."

आणि तिने स्वतः एक चमचा तोंडात घेऊन दाखवला. दादा तिच्या हनुवटीकडे बघत बघत चावू लागला. तिने गिळलं की तो गिळायचा. मध्येच रस्त्यावरून पणजीची बस हॉर्न वाजवत गेली आणि सवयीने तो अर्धा उठला. "बसा," वयनी म्हणाली. तो बसला. अर्ध्या वाडग्यावर तिने थांबवलं.

मग आम्ही तिघं वाट बघत राहिलो. मी तांब्या धरून तयार होते. दादाला एक ढेकर आली. छातीवर हात ठेवून तो थांबला.

"ऱवला," तो म्हणाला. पेज पोटात राहिली होती.

वयनीने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. मीही रडले, लपवत नाही.

सोमवारी दोघं गेली, ती पट्टा तपासून परत आली. पट्टा जागेवर होता. सगळं एका दिवसात सुधारलं नाही. घाई केली की अजून मळमळतं, आणि पावाचं तर नावच नको. पण वजन नीट उतरतंय, आणि चतुर्थीपर्यंत गाडी हातात मिळेल असं डॉक्टर म्हणतात.

परवा गेले तर दोघं समोरासमोर पेजेला बसलेली. बाबा असते तर दिवा लावायला सांगून मोकळे झाले असते. दादा चमचा खाली ठेवून म्हणाला, "इतकी वर्सा तू आत एकटीच जेवलस गो."

वयनीच्या तोंडात घास होता. तिने तो पुरता चावला, गिळला आणि मग म्हणाली, "जेवताना उलयू नकात. काटो लागतलो."

दादाने बोलणं सोडून पुढचा चमचा तोंडात घेतला. त्याचा तो घास बराच वेळ खाली उतरला नाही, आणि त्यात पट्ट्याचा काही दोष नव्हता.