टेप ड्राइव्हवरचं कुंकू

झेंडूचा वास आला की अंबडच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवते. मशिनांची पूजा करताना आमच्या साहेबांनी सर्व्हरचा बॅकअप ज्यात घ्यायचो त्या टेप ड्राइव्हच्या फटीतही हळदकुंकू वाहिलं. पंधरा दिवसांनी सर्व्हर बसला, आणि पूजेनंतर घेतलेल्या बॅकअपची एकही टेप वाचता येईना. "याला साधा बॅकअप घेता येत नाही," साहेब माझ्याकडे बोट दाखवून सगळ्या ऑफिससमोर म्हणाले. आगीच्या भीतीनं एक टेप घरी ठेवायची माझी सवय होती. पूजेआधीची ती चांगली टेप इंदिरानगरला माझ्या कपाटात होती. "काहीच शिल्लक नाही, साहेब," मी म्हणालो. मग मालकांच्या धाकानं साहेब दोन महिने, रविवारीसुद्धा, कागद बघून गेलेल्या नोंदी दोन बोटांनी टाइप करत बसले. ती टेप अजून माझ्याकडे आहे. दर खंडेनवमीला मी तिला कुंकू लावतो, बाहेरून.