दारापासून पहिली

माझा थोरला भाऊ गाईंना कृत्रिम रेतन करायचा. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून गोठ्यात शिरायचा, म्हणून लोक त्याला हातमोजे म्हणत, आडनावच असल्यासारखं. "हातमोजे आले, साबण काढा!" तो हसायचा. चिडायचं खातं माझ्याकडे होतं.

दुधाच्या बाटल्याही माझ्याकडेच. गाय भरवल्यावर, म्हणजे रेतन केल्यावर, एकविसाव्या दिवशी तिच्या दुधाचा नमुना घ्यायचा आणि त्यातलं प्रोजेस्टेरॉन बघायचं. दादा मालकांना समजावून सांगायचा, "बीज सुटतं तिथे एक पिवळी गाठ उरते. प्रोजेस्टेरॉन तिचंच. ते गर्भाशयाला म्हणतं, गप्प बस, आत कुणीतरी आलंय. त्याच्यावरच तो जीव पोसतो. पण पंधरा-सोळा दिवसांत त्या दोऱ्याएवढ्या जिवानेही 'मी आहे' म्हणून कळवायला हवं. नाही कळवलं तर गाठ विरते आणि गाय उलटते, पुन्हा माजावर येते." मला पाठ झालं होतं. अर्धवट शहाणी होते ना मी!

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायची. दोन गाई, मोठी आणि धाकटी. दोघी तांबड्या, एका साच्यातून काढलेल्या. धाकटीची आई वितानाच मेली, तेव्हा मावशीने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. ती दोनदा उलटली होती. मावशीचा मुलगा म्हणाला, "आई, या खेपेला गाभण राहिली नाही तर ती कसायाकडे जाईल. मग रडायचं नाही." दादाने दोघींना एकाच दिवशी भरवलं आणि मावशी दिवस मोजत बसली.

नमुने घ्यायला मी गेले. आमची रीत अशी, की दारापासून पहिली ती एक नंबर, पलीकडची दोन. मोठी नेहमी दाराशी असायची. त्या दिवशी गोठ्यात दाराजवळ नवी फरशी बसवलेली, ओल्या सिमेंटवर फळ्या टाकलेल्या. मावशीने धार काढली, वाट्या ओळीने ठेवल्या, मी नंबर घातले. गाईंच्या तोंडाकडे बघायची मला कधी गरजच वाटली नाही.

एक नंबरचं प्रोजेस्टेरॉन भरपूर निघालं, दोन नंबरचं पडलेलं. म्हणजे मोठी राहिली, धाकटी रिकामी. मी मावशीला तोंडावर सांगून आले.

दुसऱ्याच दिवशी मावशी धापा टाकत आली. "अगं, मोठी हंबरतेय. माजावर आल्यासारखी करतेय. आणि धाकटी बघ कशी शांत आहे!"

"मावशी, तुमचं आपलं काहीतरीच. वैरण बदलली असेल," मी म्हणाले. "बाटली खोटं बोलत नाही."

दादाला हे सांगितलंसुद्धा नाही. जीभ झडायला हवी होती माझी.

धाकटी माजावर येईना. दादा म्हणाला, मुका माज होऊन गेला असेल, बाहेर काही न दाखवता. चौतिसाव्या दिवशी त्याने आत हात घालून पाहिलं. पिवळी गाठ बोटांना लागली. ती रिकाम्या गाईलाही असतेच. माझ्या बाटलीवर विश्वास ठेवून त्याने ती गाठ विरवायचं इंजेक्शन दिलं. "तीन दिवसांत माजावर येईल, मावशी. पुन्हा भरवू."

तिसऱ्या दिवशी धाकटी सोट, माजावरचा चिकट स्राव, टाकत होती. त्या सोटात करंगळीच्या पेराएवढं काहीतरी होतं. पायांच्या जागी बारीक कोंब. दादाने ते तळहातावर घेतलं आणि तसाच उभा राहिला. गाय गाभडली होती.

"त्या दिवशी गाई कुठे बांधल्या होत्या?" त्याने मावशीला विचारलं.

"फरशी ओली होती ना, म्हणून मोठीला आत नेलं, धाकटीला दाराशी. का रे?"

म्हणजे एक नंबरची बाटली धाकटीची होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "माझी चूक झाली, मावशी. गाभण होती. माझ्या हाताला कळलं नाही."

मावशीने त्याला काय नाही म्हटलं! तो मान खाली घालून मोजा धुत राहिला. मुलगा बोलल्याप्रमाणे वागला. त्याच आठवड्यात टेम्पो आला. धाकटी चढेना, तेव्हा मावशीनेच तिला रिकामी बाटली दाखवून वर नेलं. लहानपणीची सवय, ती मागोमाग गेली.

दादाला मग कुणी बोलावलं नाही. आता तो एका गोदामात पोती मोजतो. मी एकदाच म्हटलं, "मी जाऊन खरं सांगते." तो म्हणाला, "गाय परत येणारेय का? मग गप्प बस."

मी गप्प बसले. सोयीचंच होतं ते.

अजूनही दूध मावशीकडचंच आणते. मोठीचं. परवा तिने माप भरून वर थोडं जास्त ओतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "तू तरी धड आहेस गं. बाटलीत जे दिसलं ते तू सांगितलंस. आत हात घालून त्या मेल्याला कळायला नको होतं?"

मी हो म्हणाले आणि दूध घेऊन घरी आले.